चकाकीचे चाळीस मायक्रॉन

बीडमधल्या एखाद्या पेट्रोल पंपावर रात्री काळी किंवा गडद निळी गाडी येऊन थांबली, की छतातल्या एलईडी दिव्यांखाली तिच्या बॉनेटवर कोळ्याचे जाळे उमटते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती एकात एक बसलेली बारीक वर्तुळे. बघणारा दोन पावले सरकला की जाळेही त्याच्याबरोबर सरकते. ही वर्तुळे रंगात खरोखरच कोरलेली असती, तर ती जागची हलली नसती.

रंगावर असतात ते हजारो सरळ-वाकडे ओरखडे. आडवे, उभे, तिरपे, कसेही गेलेले. प्रत्येक ओरखडा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीच्या काटकोनात विखुरतो. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती स्पर्शरेषेच्या दिशेने पडलेले ओरखडेच डोळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचवतात आणि उरलेले तिथेच असूनही दिसत नाहीत. वर्तुळ तयार होते ते दिवा, ओरखडा आणि डोळा यांच्या भूमितीतून. गाड्या चकाकवून देणारे डिटेलिंगवाले याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात.

पांढऱ्या गाड्यांच्या मालकांना ही तक्रार सहसा सुचत नाही. ओरखडे तिथेही तितकेच असतात. पण पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मुळातच प्रकाश चहूकडे विखुरत असतात आणि ओरखड्याने विखुरलेला प्रकाश त्यात बुडून जातो. काळा रंग आत शिरलेला बहुतेक प्रकाश शोषून घेतो. त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एकेक रेघ उठून दिसते.

या रेघा ओढतो कोण? बीड जिल्हा काळ्या बसाल्टवर वसलेला आहे. धुळे-सोलापूर महामार्ग आणि गावोगावचे रस्ते याच दगडाच्या खडीवर उभे आहेत. बसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे मोहसच्या काठिण्य-श्रेणीत सुमारे 6 वर बसतात आणि त्याच्या पोकळ्यांत तयार होणारी गारगोटी 7 वर. चाकूचे पोलाद साधारण साडेपाचावर असते. काळ्या मातीतली चिकणमाती मऊ खरी, पण तिच्यासोबत उडणारे हे दगडाचे कण मऊ नसतात. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची वाळू त्यात मिसळते. परळी परिसरात औष्णिक वीज केंद्राची राख उडते. कोळशाच्या राखेत क्वार्ट्‌झ आणि म्युलाइट ही दोन कठीण खनिजे असतातच. गाडीचा वरचा थर मात्र शेवटी राळेचा, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच.

तरीही नुसती बसलेली धूळ फारसे नुकसान करत नाही. नुकसान होते ते तिच्यावरून कोरडे फडके फिरले की. कापड कणाला दाबून धरते, हात त्याला फिरवतो आणि रोज सकाळी गाडीवर फडके मारण्याच्या सवयीतून वर्षभरात सगळे बॉनेट रेघांनी भरते. या सवयीसाठी कुणाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्या जिल्ह्यात 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे वीज केंद्रच बंद ठेवावे लागले, तिथे गाडीवर पाइप सोडणे अनेकांच्या मनालाच पटत नाही आणि ते योग्यच आहे.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा 35 ते 50 मायक्रॉनांचा. माणसाचा केसही याहून जाड असतो. अँबेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळात वर असा वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. आता रंग झाकलेला असतो आणि बहुतेक ओरखडे त्या झाकणातच राहतात.

ओरखडा घालवायचा म्हणजे तो बुजवायचा, असा समज आहे. खरे तर त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. त्यासाठी वापरायच्या घासणाऱ्या लेपात, म्हणजे कंपाउंडमध्ये, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. त्यांचे काठिण्य 9. तेही ओरखडेच पाडतात, फक्त इतके बारीक की डोळ्याला ते दिसत नाहीत. काचेच्या पॉलिशबद्दल न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये हेच मांडले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पॉलिश करताना पृष्ठभाग वाहून सपाट होतो, असा दावा केला आणि त्यावर दीर्घ वाद झाला. गाडीच्या क्लिअर कोटपुरते बोलायचे तर न्यूटनचेच म्हणणे लागू पडते. पॉलिशमध्ये थर खरवडला जातो, आणि गेलेला मायक्रॉन परत येत नाही.

म्हणूनच यंत्राची निवड महत्त्वाची. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात जुने बफिंग मशीन असते ते रोटरी. त्याचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. दीडशे मिलिमीटरचे पॅड मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ 12 मीटर होतो, मध्यभागी मात्र शून्य. कडेखाली उष्णता साचते आणि हात जरा रेंगाळला की क्लिअर कोट जळतो. बंपरवर धोका जास्त, कारण प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही. शिवाय सगळे कण एकाच दिशेने घासल्याने उन्हात हलणारे पट्टे उमटतात. त्यांना होलोग्राम म्हणतात.

ड्युअल ॲक्शन पॉलिशरमध्ये पॅड एका छोट्या वर्तुळात झुलते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळे फिरते. झोका 15 मिलिमीटरचा आणि मिनिटाला 4000 झोके धरले, तर पॅडवरचा प्रत्येक बिंदू नुसत्या झोक्यामुळेच सेकंदाला सुमारे 3 मीटर चालतो, कडेचा असो वा मधला. दिशा सतत बदलत राहते, त्यामुळे कणांच्या खुणा एका रांगेत लागत नाहीत. फार दाबले तर मोकळे फिरणे थांबते आणि कापही जवळजवळ थांबतो. जाणकार कारागीर पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढतात. ती फिरताना दिसते तोवर दाब बरोबर आहे.

गाडी आधी नीट धुवायची, रंगात रुतलेले कण क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, काढायचे, जाडीमापकाने थर मोजायचा आणि मग फूटभर जागेवर चाचणी घ्यायची: प्रथम मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश, भागले नाही तरच भरड कंपाउंड. हा क्रम उलटा करणारा दोन मायक्रॉनांच्या जागी पाच घालवतो. मे महिन्यात उघड्यावर तर हे काम करूच नये. पत्र्याला हात लाववत नाही अशा उन्हात पॉलिश पॅडखालीच सुकते.

स्वस्तात ‘रबिंग-पॉलिश’ करून मिळते तेव्हा ओरखडे काढले की झाकले, हा प्रश्न जरूर विचारावा. पुष्कळशा पॉलिशमध्ये तेल आणि मेण असते. ते ओरखड्यांत भरते, गाडी झळकते आणि काही धुण्यांनंतर जाळे पुन्हा वर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने गाडीचा एक भाग पुसला, की तेल निघून जाते आणि ओरखडे गेलेत की नुसते झाकलेत ते कळते. पैसे चुकते करण्यापूर्वी मालकाने हे समोर करून घ्यावे.

त्यानंतर उरतो रोजच्या धुळीचा प्रश्न, आणि त्याला कमी पाण्याचे उत्तर आहे. ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रावण बादलीभर पाण्यात थोडेसे मिसळतात. त्यातली बहुवारिके कणाभोवती निसरडा थर धरतात आणि त्याला पत्र्यापासून उचलतात. आठ-दहा मायक्रोफायबर फडकी त्यात भिजवून ठेवायची, आधी पत्रा फवाऱ्याने ओला करायचा, मग टपापासून खाली, न दाबता, सरळ एका दिशेने पुसत यायचे. प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी. मळलेली घडी पुन्हा पत्र्याला लावायची नाही, आणि चाकांजवळचा खालचा पट्टा, जिथे वाळू सर्वाधिक असते, सगळ्यांत शेवटी वेगळ्या फडक्याने.