साखरेची चार कामे

तमिळ देशात दीपावली म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीचा दिवस. त्या पहाटे कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीत जे घडते, ते महाराष्ट्रातील घरांना परके वाटणार नाही. घरातील वडील मंडळी धाकट्यांच्या माथ्यावर तेल घालतात, अभ्यंगस्नान होते, नवी वस्त्रे नेसली जातात आणि लोक एकमेकांना विचारतात, ‘गंगास्नान झाले का?’ मग फराळाचे ताट पुढे येण्याआधी प्रत्येकाच्या तळहातावर एक लहानशी काळसर गोळी ठेवली जाते. हे दीपावलीचे लेह्य. सुंठ, पिंपळी, मिरी, ओवा, धने अशी औषधे कुटून ती गुळाच्या पाकात शिजवतात आणि तूप व तिळाचे तेल घालून त्यांचा मऊ गोळा करतात. पुढे दिवसभर जे गोडधोड पोटात जायचे ते सुखाने पचावे, म्हणून हे औषध आधी. सणाच्या पक्वान्नाला औषधाची सोबत देण्याची ही रीत मोठी शहाणपणाची आहे.

ह्या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली. त्या काळात दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी कुंभकोणम् येथे घरे केली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे ह्या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये ह्याच गावी, अशाच एका मराठी घरात जन्मले. राज्य गेले तरी घरातील बोली राहिली, आणि बोलीबरोबर स्वयंपाकघरही राहिले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केलेला ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथ सरफोजीराजे दुसरे यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच राजांनी वैद्यकाच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल उभारला होता. पाकशास्त्र आणि वैद्यक ही दोन्ही शास्त्रे एकाच दरबारात नांदली, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण आज त्या दोघांची पुन्हा गाठ घालून देण्याची वेळ आली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तमिळनाडूत प्रौढांपैकी शेकडा 14 हून अधिक आणि गोव्यात तर शेकडा 26 हून अधिक लोकांना हा विकार असल्याचे त्या पाहणीत आढळले. ह्याचा अर्थ असा की, सणाच्या पंगतीत बसणाऱ्या बहुतेक कुटुंबांत निदान एक ताट तरी असे असते की, ज्याच्यापुढे गोडाचे तबक आले की हात आखडतो. पुष्कळदा ते ताट घरातील सर्वांत वडील माणसाचे असते. ज्यांच्या हातून लेह्याची गोळी सर्वांना मिळायची, त्यांनीच गोडाकडे पाहून मान फिरवायची, किंवा मोह न आवरून खायचे आणि दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत त्याची किंमत मोजायची, असे दोनच मार्ग त्यांच्यापुढे उरतात. तिसरा मार्ग आहे काय?

आहे, परंतु तो समजण्यापूर्वी काही सोप्या दिसणाऱ्या आडवाटा टाळल्या पाहिजेत. पहिली आडवाट गुळाची. साखर वाईट आणि गूळ चांगला, अशी समजूत सर्वत्र आहे. दक्षिणेत तर ताडाच्या गुळाला जवळजवळ औषधाचेच स्थान दिले जाते. गुळाला वास आहे, चव आहे, थोडे क्षारही आहेत. परंतु त्याचा फार मोठा भाग साखरच असते, आणि ती रक्तात जाताना उसाच्या मळ्यातून आली की ताडाच्या झाडावरून, हे शरीर विचारीत नाही. दुसरी आडवाट खजुराची. ‘साखरेशिवाय’ केलेल्या खजुराच्या लाडवात बाहेरची साखर नसते हे खरे. पण खजुराचे स्वतःचे निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते. तिसरी आडवाट अधिक फसवी आहे. बेसनाच्या लाडवात किंवा म्हैसूरपाकात साखरेऐवजी दुसरा गोड पदार्थ घातला की तो मधुमेह्याला चालला, असे मानले जाते. पण 100 ग्रॅम बेसनात निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो, आणि तांदळाच्या पिठात तर तो तीन चतुर्थांशाच्या घरात जातो. पिठातील पिष्ट पचून शेवटी ग्लुकोजच होते. म्हणून अनारशाच्या जातीचे तमिळ ‘अदिरसम्’ साखरेवाचून केले, तरी ते कर्बोदकांवाचून झाले असे म्हणता येत नाही. डब्यावर ‘साखरविरहित’ असे छापलेले असणे आणि पदार्थात कर्बोदके कमी असणे, ह्या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिठाईतील साखर काढणे इतके अवघड का? कारण साखर तेथे एक नव्हे, चार कामे करीत असते. पहिले काम गोडीचे, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे काम भर घालण्याचे. नारळाच्या वडीत खोबऱ्याइतकीच साखर पडते. ती काढली की ताटातील वड्या निम्म्या होतात. तिसरे काम बांधणीचे. पाणी आटत जाते तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उकळबिंदू चढत जातो. सुगरण त्याची परीक्षा बोटांनी करते. मराठीत जो एकतारी पाक, त्यालाच तमिळ स्वयंपाकघरात ‘कंबि पदम्’, म्हणजे तारेची अवस्था, म्हणतात. दोन्ही भाषांनी एकाच तारेवर बोट ठेवावे, हे मोठे गमतीचे आहे. पुढे गोळीबंद पाक होतो, आणि त्याहूनही पुढे गेल्यावर चिक्कीचा काचेसारखा कडकपणा येतो. चौथे काम टिकवण्याचे. साखर पदार्थातील पाणी आपल्याशी बांधून ठेवते. त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना वाढण्यास लागणारे मोकळे पाणी उरत नाही.

हे चौथे काम कुंभकोणम् येथे विशेष महत्त्वाचे ठरते. दीपावली तेथे ‘ऐप्पसी’ महिन्यात येते, आणि तो ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. महाराष्ट्रात पाऊस ओसरून थंडीची चाहूल लागलेली असते, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हवा दमट व उबदार असते. साखरेच्या वड्या अशा हवेतही काही दिवस तग धरतात. साखरेवाचून केलेली ओल्या नारळाची वडी दुसऱ्या दिवशीच आंबूस होऊ शकते. तेव्हा ती थोडी करावी, शीतकपाटात ठेवावी आणि तीनचार दिवसांत संपवावी, हाच नियम.

साखरेची ही चारही कामे एकट्याने करील असा पदार्थ सापडलेला नाही. म्हणून कामे वाटून द्यावी लागतात. गोडीचे काम करणारे पदार्थ पुष्कळ आहेत. 1879 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, 1976 मध्ये, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस साखरेपासून बनवलेल्या क्लोरीनयुक्त संयुगांवर काम करीत होते. एका संयुगाची ‘टेस्ट’, म्हणजे चाचणी, घ्यावी असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते ‘चव घ्यावी’ असे ऐकले आणि चिमूटभर पूड जिभेवर ठेवली, असे सांगतात. साखरेच्या सुमारे 600 पट गोड असलेले सुक्रालोज ते हेच. स्टिव्हिया ह्या वनस्पतीच्या पानांतील शुद्ध गोड द्रव्ये साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात. अस्पार्टेमही असेच तीव्र गोड, पण उष्णतेने त्याची गोडी घटते. म्हणून शिजवण्याच्या पदार्थाला ते उपयोगी नाही. हे सारे पदार्थ चिमटीने घालायचे असल्यामुळे गोडी देतात, पण भर देऊ शकत नाहीत.

भर देण्याच्या कामी इरिथ्रिटॉल उपयोगी पडते. ते साखरेसारखेच पांढरे व रवाळ दिसते. गोडी साखरेच्या साठसत्तर टक्के असते. ते आतड्यात शोषले जाते, पण बहुतांशी न बदलता मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे रक्तातील साखर जवळजवळ वाढत नाही. त्याचे दोष दोन. एक, ते जिभेवर थंडावा आणते. दुसरा, गार होताना त्याचे पुन्हा कण होतात आणि वडी करकरीत लागते. म्हणून ते आधी पिठीसाखरेसारखे वस्त्रगाळ करावे, बेताने घालावे आणि उरलेली गोडी चिमूटभर स्टिव्हियाने पुरी करावी. बांधणीचे काम मग बदामाची पूड, तूप आणि खोबऱ्यातील स्निग्धांश ह्यांच्यावर सोपवता येते.

कुंभकोणमच्या परिसरात नारळाला तोटा नाही. तेव्हा नारळाच्या वडीचेच उदाहरण घ्यावे. 200 ग्रॅम ओला खवलेला नारळ एक चमचाभर तुपात मंद आचेवर परतावा, तो करपू देऊ नये. ओलावा आटला की त्यात दोन मोठे चमचे साय, 50 ग्रॅम बदामाची पूड आणि 80 ग्रॅम वस्त्रगाळ इरिथ्रिटॉल घालावे. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की वेलदोड्याची पूड व चिमूटभर स्टिव्हिया मिसळावे, तूप लावलेल्या ताटात दाबून थापावे आणि वीस वड्या पाडून गार करावे. खोबऱ्याचे तेल साधारण 25 अंशांखाली घट्ट होते; म्हणून ही वडी शीतकपाटात घट्ट राहते आणि बाहेर फार वेळ राहिली तर मऊ पडते. बिघडली असे समजून घाबरू नये.

ह्या वडीचा हिशेबही मांडून पाहावा. नेहमीच्या रीतीने 200 ग्रॅम नारळाला 200 ग्रॅम साखर घातली आणि वीस वड्या केल्या, तर प्रत्येक वडीत 10 ग्रॅम साखर जाते. नव्या वडीत नारळ व बदाम यांचा न पचणारा चोथा वजा केला, तर पचणारी कर्बोदके सुमारे एक ग्रॅमच उरतात. मात्र उष्मांकांचा हिशेब इतका उदार नाही. जुन्या वडीत सुमारे 80 उष्मांक असतील, तर नव्या वडीतही साठाच्या आसपास असतात. कारण नारळ, बदाम आणि तूप ही सारी स्निग्ध आहेत. रक्तातील साखरेला जी वडी सोसते, ती वजनालाही सोसेल असे नाही. एक किंवा दोन वड्या, हेच तिचे प्रमाण.

दुसरा पदार्थ तिळाचा. तमिळ घरांतील ‘एळ्ळुरुंडै’ म्हणजे आपला तिळाचा लाडूच. 100 ग्रॅम तीळ आणि 150 ग्रॅम शेंगदाणे वेगवेगळे भाजून, दाण्यांची टरफले काढून, दोन्ही तेल सुटेपर्यंत एकत्र कुटावेत. 50 ग्रॅम वस्त्रगाळ इरिथ्रिटॉल, थोडी सुंठ व वेलदोडे घालून पंचवीस लहान लाडू वळावेत. येथे पाकाचे काम दाण्यांचे तेलच करते. प्रत्येक लाडवात पचणारी कर्बोदके एक ग्रॅमच्या आसपास राहतात, आणि ओला पदार्थ नसल्यामुळे हे लाडू नारळाच्या वडीपेक्षा अधिक टिकतात.

चिक्कीच्या बाबतीत मात्र हार पत्करलेली बरी. तिचा कडकपणा आणि खमंग तांबूस रंग ही तापलेल्या साखरेची करणी आहे. इरिथ्रिटॉल तांबूस होत नाही आणि काचेसारखे गोठतही नाही. नक्कल करून निराशा पदरात पाडून घेण्यापेक्षा निराळा पदार्थ करावा.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. बाजारातील ‘साखरविरहित’ मिठाईत पुष्कळदा माल्टिटॉल असते. ते काही अंशी पचते आणि रक्तातील साखर वाढवते, शिवाय जास्त खाल्ल्यास पोट बिघडवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी कृत्रिम व नैसर्गिक गोडी-द्रव्यांवर विसंबू नये असे सुचवले. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना उद्देशून नव्हती, तरी ही द्रव्ये रोजची सवय होऊ नयेत, हा तिचा बोध सर्वांनाच लागू आहे. त्याच वर्षी काही संशोधकांना रक्तातील इरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला. कारण अजून सिद्ध झालेले नाही, पण हृदयविकार असलेल्यांनी वैद्याला विचारूनच ते वापरावे. आणि सर्वांत महत्त्वाचे असे : इन्सुलिन किंवा तशी औषधे घेणाऱ्या माणसाला सणाच्या धावपळीत जेवणाला उशीर झाला आणि घाम, थरथर, घाबरेपणा अशी साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर त्याच्या हाती ही वडी देऊ नये. त्या वेळी तिचा काहीही उपयोग नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, खरी साखर पाण्यात विरघळवून द्यावी. जी साखर एरवी वैरीण, ती त्या घटकेला प्राणदात्री ठरते.

शिवाय वर्षातील एका सणाचा विचार करताना बाकीचे दिवस विसरून चालणार नाही. कुंभकोणमची ‘डिग्री’ कॉफी प्रसिद्ध आहे. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घालून ती घेणारा माणूस रोज सुमारे 25 ते 30 ग्रॅम साखर पितो. म्हणजे सणाच्या दोनतीन वड्यांची साखर त्याच्या पोटात रोजच, कोणताही सण नसताना, जाते. सणाच्या ताटावर कडक पहारा आणि कॉफीच्या पेल्याला मुक्तद्वार, ह्याला पथ्य म्हणता येणार नाही.

दीपावलीच्या लेह्यातही गूळ असतो. तरी जुन्या माणसांनी ते वाटीने वाढले नाही, आवळ्याएवढ्या गोळीने वाढले. मात्रा हेच त्यातील मर्म. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच्यासाठी एक निराळा डबा भरून तो फळीवर बाजूला ठेवण्याऐवजी सर्वांसाठीच एकदोन पदार्थ अशा रीतीने करावेत आणि एकाच तबकातून फिरवावेत. निरोगी माणसांचे त्यात काही बिघडत नाही. आणि ज्यांनी आजवर सर्वांना वाढले, त्यांना आपल्यासाठी कोणी वेगळे पान मांडले आहे असे सणाच्या दिवशी तरी वाटत नाही.