पिंपातला बुळबुळीत थर

"डॉक्टर, पाण्यात औषध टाकतो, तरी पोराला परत जुलाब कसे?" एका आईचा प्रश्न. मी विचारले, "पिंप आतून कधी घासलंय?" ती गप्प. "घरी जाऊन आतून बोट फिरवून बघा." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बुळबुळीत लागतंय."

हा थर म्हणजे जंतूंची वसाहत. शास्त्रात त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. पाण्यातले जंतू भांड्याला चिकटतात, स्वतःभोवती चिकट स्राव तयार करतात आणि त्याच्या आडोशाला वाढतात. क्लोरीन वरच्यावरच खर्ची पडते. आतले जंतू वाचतात आणि सुटून पाण्यात येतात. सकाळी दातांवर जिभेला लागणारे कीटण याच जातीचे. नुसती चूळ भरून ते जात नाही, घासावे लागते.

जंतू मुळात चिकटूच नयेत, तेही विषारी रसायनाशिवाय, यासाठी जगभर संशोधन चालू आहे. शार्क माशाच्या कातडीवर शेवाळ सहसा धरत नाही. तिच्यावरील सूक्ष्म रेघांची नक्कल करून अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे अँथनी ब्रेनन यांनी तसा पृष्ठभाग बनवला. त्यात औषध नाही, केवळ नक्षी आहे.

आपल्याकडे तांब्याची कळशी होतीच. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुलाबाचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, तेव्हा जिवंत जंतू आढळले नाहीत. मात्र कळशी आतून घासलेली हवी. ताक, सार असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नयेत. गढूळ पाण्यालाही हा उपाय नव्हे. ते गाळून उकळावेच.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूरकरांना टाक्या धुण्याचा धडा दिला. तो पावसाळ्यापुरता नसावा. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करा. तळ, कडा आणि नळाची तोटी ब्रशने घासा. स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. मगच पाणी भरून क्लोरीनचे औषध बाटलीवरील प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी ओगराळ्यानेच घ्या, हात बुडवू नका.

जुलाबाची कारणे इतरही असतात. मुलाला जलसंजीवनी पाजत राहा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.