कलिलातील कणांची वाढ आणि प्रकाशाची साक्ष

झिंक ॲसिटेट अल्कोहोलात विरघळवून त्यात लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले, की झिंक ऑक्साइडचा कलिल तयार होऊ लागतो. द्रव मात्र पाण्यासारखाच नितळ दिसतो, कारण कण अवघे काही नॅनोमीटरचे असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्या निवासी शाळेत कोठून येणार? शिवाय त्यासाठी नमुना सुकवावा लागतो, आणि सुकताना कण एकमेकांना चिकटतात.

अशा वेळी प्रकाश साक्ष देतो. पात्रावर अतिनील किरण टाकले असता कण ते शोषून दृश्य प्रकाश उत्सर्जित करतात. अतिसूक्ष्म कणात इलेक्ट्रॉन कोंडला जातो व ऊर्जापातळ्यांतील अंतर वाढते. म्हणून कोवळा कलिल निळसर-हिरवा उजळतो आणि कण वाढू लागले की उजेड पिवळ्याकडे झुकतो. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांचा अभ्यास करताना अशाच उत्सर्जनाचा आधार घेतला होता.

हा प्रकाश बहुतांशी कणांतील स्फटिकदोषांतून येतो. त्यामुळे रंगावरून वाढीची दिशा कळते, नेमका आकार नव्हे. त्यासाठी शोषणाचा वर्णपटही तपासावा लागतो. उष्णतेने व पाण्याच्या अंशाने वाढ झपाट्याने होते. छत्रपती संभाजीनगरच्या एप्रिलमध्ये तर पात्र बर्फात ठेवल्यावाचून तो पहिला निळसर उजेड आम्हांस दिसणे कठीणच.