रानसफाईची हत्यारं (लेखांक ७) : इंजिनाआधी पातं

चेन सॉ या आठवड्यात येणार होती, ती पुढे ढकलतो. राजापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि विषय माझ्या आवडीचा आहे. दोनेक एकर वरकस जमीन, त्यात काजूची जुनी कलमं, वर्षानुवर्षं तिकडे कोणी फिरकलेलं नाही. आता रानमोडी, घाणेरी आणि करवंदाच्या जाळ्या. ‘किती सीसीचा ग्रासकटर घेऊ?’ असं ते विचारतात.

दुकानात सगळे हेच विचारतात. घरच्या बागेला पस्तीसेक सीसीचं इंजिन पुष्कळ झालं. खरं काम ठरतं ते दांड्याच्या टोकाला काय लावता त्यावर.

नायलॉनची दोरी गवतासाठी. रानमोडीच्या जून काटक्यांवर ती नुसती झिजते. शिवाय कोवळ्या कलमाच्या बुंध्याशी नेलीत तर सालीचं कडं निघतं आणि कलम वाळतं. कलमाभोवती हातभर जागा विळ्यानेच बेणावी.

तीन धारांचं पातं हे कोकणातल्या रानाचं खरं पातं. बोटाएवढ्या जाडीपर्यंतची रानमोडी ते सपासप घेतं. धार गेली की कानशीने बांधावरच लावता येते. ऐंशी दात्यांचं गोल पातं मनगटाएवढं खोडही कापतं, म्हणून दुकानदार तेच गळ्यात मारतो. पण आपल्याकडे पाचोळ्याखाली जांभ्याचे धोंडे दबा धरून बसलेले असतात. एका धोंड्यावर दाते उडाले की पातं भंगारात. धोंडे कुठे आहेत ते माहीत असेल तिथेच ते लावा.

पातं बदलताना नट हलत नाही म्हणून हातोडा घेणारे मी पाहिलेत. त्या नटाचे आटे उलटे असतात, नेहमी आवळतो त्या दिशेला फिरवला की सुटतो. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापायचं डाव्या कडेने, उजवीकडून डावीकडे झोका देत. समोरच्या उजव्या कोपऱ्यावर जाड खोड आलं तर पातं कापत नाही, अख्खं यंत्र उसळून बाजूला फेकलं जातं. पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस नको. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच, नुसती जाळी चढवून भागत नाही.

आता घाणेरी. तिला कुठलंच पातं पुरत नाही. जमिनीलगत कापलीत की पावसाळ्यात बुडख्यातून दुप्पट फुटते. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुळवलेली रीत साधी आहे: टिकावाने मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. काम घामाचं, पण यंत्राचा खर्च शून्य.

जेसीबी लावा, एका दिवसात रान मोकळं, असं शेजारी सांगतीलच. होईलही मोकळं. पण कातळावरची जेमतेम वीतभर माती बकेटबरोबर निघून जाते आणि उघड्या जमिनीवर पहिली उगवते ती रानमोडीच. त्यात मध्ये खैर, ऐन, किंजळ उभे असतील तर ते 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतले, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. ड्रायव्हर काही झाडं ओळखून बकेट फिरवत नाही.

तेव्हा राजापूरकर, मध्यम ग्रासकटर, तीन धारांची दोन पाती, एक चांगला टिकाव आणि करवंदासाठी लांब दांड्याची आकडी एवढं घ्या. गोल पातं यंदा राहू द्या. आणि सुरुवात रानमोडीपासून करा, दत्तजयंतीच्या आत. शिमग्याच्या सुमाराला तिचं बी वाऱ्यावर सुटतं, मग कापण्याला अर्थ उरत नाही.