पोंक की हुरडा?

थंडी पडली की सुरतेत पोंकाचे स्टॉल लागतात आणि आमच्या घरी जुना वाद पेटतो. मुलं म्हणतात पोंक, आजी म्हणते हुरडा. अहो, दाणा एकच, ज्वारीचा कोवळा! खानदेशात कणसं आगटीत भाजून हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी नि गूळ. इथे भाजलेली कणसं कापडात घेऊन काठीने झोडपतात. सोबत लिंबू-मिरीची शेव आणि ताक. शेव म्हणजे आजीच्या मते पोरखेळ. (पोंकवडे मात्र मागून खाते!) गावचं शेत विकल्यापासून ती हुरड्याला गेलेली नाही. परवा धाकटीने आपल्या पोंकावर न सांगता लसणाची चटणी घातली. आजीने मुकाट्याने शेवेची पुडी पुढे ओढली.