स्त्रीपार्टी ते स्वाभिमानयात्रा

पुरुषाने शालू नेसून, नथ घालून रंगमंचावर उभे राहावे आणि प्रेक्षकांनी त्यास डोक्यावर घ्यावे, ही गोष्ट मुंबई शहरास नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हापासून पुढे कित्येक दशके मराठी नाटकांतील बहुतेक नायिका पुरुषांनीच रंगविल्या. कारण कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजास मंजूर नव्हते. अशा नटास ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, केसांत गजरा माळणे आणि मान किंचित कलती ठेवून बोलणे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करू लागल्या; मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर या नटास तर ‘सुंदरी’च्या भूमिकेवरून तेच नाव कायमचे चिकटले.

ही कला होती. तीवरून त्या नटांच्या खासगी जीवनाविषयी काही अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल. परंतु रंगमंचावरील या रूपास जो समाज मुक्तकंठाने दाद देत होता, त्याच समाजात, पुरुषदेहात जन्मून स्वतःस स्त्री मानणाऱ्यांच्या किंवा आपल्याच लिंगाच्या व्यक्तीवर प्रेम करणाऱ्यांच्या वाट्यास अवहेलनाच येत होती, आणि १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने तिच्यावर सरकारी शिक्कामोर्तब केले होते.

ज्यांना घराने नाकारले त्यांनी आपली घरे स्वतः उभारली. मुंबईच्या हिजडा समाजात गुरू आणि चेला हे नाते आईलेकीच्या नात्याइतके बांधील असते. नव्या चेल्यास जमातीसमोर ‘रीत’ करून घेतले जाते, ‘जोगजनम’ म्हणून हिरव्या साड्या दिल्या जातात, आणि त्या दिवसापासून तिच्या आजारपणाची, म्हातारपणाची व अब्रूची जबाबदारी घराण्याकडे येते. अशा व्यवस्थेला विकृती म्हणणाऱ्यांनी, संकटात परस्परांना सांभाळणारी ही बांधिलकी आधी समजून घ्यावी.

समलिंगी स्त्रीपुरुषांचे सार्वजनिक संघटन मात्र पुष्कळ उशिरा झाले. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, तेव्हा एकाकी पडलेल्या कित्येकांस आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे प्रथमच छापील अक्षरांत वाचावयास मिळाले. १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. सांताक्रूझच्या वाकोला भागात महानगरपालिकेच्या जुन्या इमारतीत त्यास जागा मिळाली, आणि एड्सच्या त्या भयग्रस्त काळात आरोग्यसल्ल्याबरोबरच निर्धास्त बसून बोलण्याची सोयही तेथे झाली. १९९५ साली स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट निघाला. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेली स्वाभिमानयात्रा गिरगाव चौपाटीकडे गेली. ‘चले जाव’चा पुकार ज्या भूमीने ऐकला, तेथून परकीय सत्तेने मागे ठेवलेल्या कायद्याविरुद्ध आवाज उठावा, हे सर्वथा उचित होते.

यथावकाश न्यायालयांनीही कौल दिला. २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच वर्षी मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांनी ‘राणी कोहिनूर’ या रूपात दूरचित्रवाणीवरील ‘सा रे ग म प’ स्पर्धेत स्त्री व पुरुष अशा दोन्ही आवाजांत गाऊन दाखविले. आज ज्यास ‘ड्रॅग’ म्हणतात ती कला परदेशातून आयात झालेली अपूर्वाई आहे, असे मानणाऱ्या मराठी माणसाने आपल्या नाट्यसंगीताच्या इतिहासाचे एकवार स्मरण करावे.

तथापि २०२३ साली समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे न्यायालयाने नाकारले, आणि भाड्याची खोली, नोकरी व कुटुंबातील स्थान यांसाठीची झुंज संपलेली नाही. कलावंतास टाळ्या देणे सोपे असते. तीच व्यक्ती शेजारी म्हणून राहावयास आली, किंवा आपल्याच घरात जन्मली, तर तिला तितक्याच सहजतेने आपली म्हणावे, एवढेच वाचकांकडे मागणे आहे.