तीस देशांत एक वर्दी

जाड भिंतीचं एक छोटं नळकांडं. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरपा. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा साधारण केवढा उघडतो, त्यावरून हे माप ठरलं आहे. ठरावीक जोराने ओढल्यावर बाहुलीचा डोळा निखळला आणि न दाबता या नळकांड्यात अख्खा मावला, की ती बाहुली त्या वयासाठी नापास. मग तिची वर्दी युरोपभर जाऊ शकते.

ही वर्दी पोचवणाऱ्या यंत्रणेचं नाव 'सेफ्टी गेट'. 1984 साली ती सुरू झाली. 'रॅपेक्स' हे तिचं जुनं नाव. युरोपियन संघाचे 27 देश आणि आइसलँड, नॉर्वे, लिक्टेनस्टाइन तिच्यात आहेत. एका देशाच्या निरीक्षकांना धोकादायक माल सापडला की ते विक्री थांबवतात आणि फोटो, ब्रँड, मॉडेल, बॅच नंबर अशी सगळी कुंडली युरोपियन आयोगाकडे पाठवतात. आयोग ती तपासून इतरांना कळवतो. मग ते आपापल्या बाजारात शोध घेऊन काय सापडलं, काय केलं, ते नोंदवतात. अन्नपदार्थांची व्यवस्था वेगळी आहे. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याची बेल्जियमची 2020 मधली वर्दी गेली ती तिथून.

2024 मध्ये सेफ्टी गेटवर 4,137 वर्द्या आल्या. सर्वांत जास्त खेळण्यांच्या असतील असं वाटतं, पण पहिला नंबर सौंदर्यप्रसाधनांचा होता. त्यांतल्या बहुतेकांत बीएमएचसीए हे 2022 पासून बंदी असलेलं सुगंधी द्रव्य होतं.

सरकारं एकमेकांना झटपट कळवतात. घोडं अडतं ते गिऱ्हाइकापाशी. माल परत बोलावताना कंपन्यांची भाषा फार गुळमुळीत असायची: 'खबरदारी म्हणून', 'क्वचित प्रसंगी', 'स्वेच्छेने'. 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नव्या नियमाने परतीच्या सूचनेत असे धोका सौम्य करणारे शब्द वापरायलाच मनाई केली. माझ्या मते त्या अख्ख्या कायद्यातलं हे सर्वांत शहाणं कलम. दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत, यांतले निदान दोन पर्याय गिऱ्हाइकाला द्यावे लागतात, हेही त्याच नियमात आहे.

तुमचं कुणी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये असेल आणि बाळासाठी ऑनलाइन खेळणी मागवत असेल, तर मॉडेल नंबर सेफ्टी गेटवरच्या वर्द्यांच्या यादीत एकदा शोधायला सांगा. यादी सर्वांना खुली आहे, पैसे पडत नाहीत.